कुत्र्याच्या तोंडाचा वास आणि चघळायचा खाऊ : वाचकांच्या प्रश्नांना पशुवैद्यांची उत्तरे

प्रश्न : आमचा लॅब्राडोर पाच वर्षांचा आहे. त्याच्या तोंडाला इतका वास येतो, की तो जवळ येऊन बसला की मुले तोंड फिरवतात. दोन महिन्यांपासून त्याला रोज एक डेंटल स्टिक देत आहोत. खाल्ल्यावर तासभर बरे वाटते आणि मग पुन्हा तेच. स्टिकचा ब्रँड बदलावा का?

ब्रँड बदलण्याआधी त्याच्या तोंडात पाहावे. कुत्र्याच्या तोंडाला येणारा वास बहुतेक वेळा पोटातून नव्हे, तर हिरडीच्या कडेखालून येत असतो. दातांवर जिवाणूंचा मऊ, चिकट थर सतत बसत असतो. त्याला प्लाक म्हणतात. तो वेळच्या वेळी पुसला गेला नाही, तर लाळेतील क्षार त्यात साचून दोन-तीन दिवसांतच त्याचे कडक कीटण होऊ लागते, आणि कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असल्यामुळे ही क्रिया त्याच्या तोंडात लवकर घडते. कीटणाच्या खरबरीत पृष्ठभागावर नवा प्लाक आणखी सहज धरतो, हिरडी सुजते, दात आणि हिरडी यांच्यात फट पडते, आणि प्राणवायू न पोचणाऱ्या त्या फटीत वाढणारे जिवाणू प्रथिने कुजवून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन यांसारखे गंधकयुक्त वायू सोडतात. तुमच्या मुलांना नकोसा होणारा वास बहुधा याच वायूंचा असावा.

डेंटल स्टिक दाताच्या उघड्या भागावर घासली जाते, तीही मुख्यतः मागच्या दातांवर आणि दाढांवर. हिरडीखालच्या फटीत ती पोचत नाही. चघळताना लाळ भरपूर सुटते आणि स्टिकला स्वतःचा सुगंध असतो, म्हणून तासभर फरक जाणवतो. दोन महिने नियमाने देऊनही वास परत येत असेल, तर त्याचे मूळ स्टिकच्या आवाक्याबाहेर आहे असे समजावे.

कुत्रा शांत बसलेला असताना, जबडा न उघडता, त्याचा वरचा ओठ कानाच्या दिशेने हलकेच मागे सरकवा. सुळ्यापासून मागे मोजत गेल्यास चौथा, सर्वांत मोठा दात दिसेल. गालातील लाळग्रंथीची नलिका याच दाताजवळ उघडते, त्यामुळे कीटण बहुधा इथे आधी आणि सर्वांत जाड बसते. दात पांढरा, हिरडीची कड पातळ आणि दाताला घट्ट बिलगलेली असेल, तर उत्तम. (काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळसर असतात, ते काळजीचे कारण नाही.) दातावर तपकिरी कवच, कडेला लाल रेघ, हात लागताच येणारे रक्त किंवा दात लांब झाल्यासारखे दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास पशुवैद्यांकडून भूल देऊन दात स्वच्छ करून घेणे हाच उपाय आहे. चघळायच्या खाऊचे खरे काम त्यानंतर सुरू होते. स्वच्छ झालेल्या दातांवर कीटण पुन्हा बसायला जितका उशीर लावता येईल तितका लावणे, हे ते काम. त्यातही रोजचा ब्रश सर्वांत प्रभावी आहे आणि च्यू, म्हणजे हा चघळायचा खाऊ, त्याच्या मदतीला आहे. हा क्रम उलटा करू नये असे माझे ठाम मत आहे.

तोंड अगदी स्वच्छ दिसूनही वास येत असेल, तर खालच्या ओठाची घडी उलगडून पाहा. स्पॅनिएलसारख्या सैल ओठांच्या कुत्र्यांत त्या घडीत लाळ साचून कातडी ओली राहते, चिघळते, आणि दोष मात्र दातांच्या माथी जातो.

प्रश्न : दुकानात डेंटल च्यूचे इतके प्रकार असतात, की गोंधळ उडतो. प्रत्येक पाकिटावर ‘ताजा श्वास, स्वच्छ दात’ लिहिलेले असते. निवड कशी करावी? हाडे आणि हरणाची शिंगे नैसर्गिक असल्याने अधिक चांगली, हे खरे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे होणारे नुकसान भरून येत नाही. हाडे, शिंगे, वाळवलेले खूर, कडक नायलॉनची खेळणी आणि बर्फाचे मोठे तुकडे हे सारे दात मोडणारे पदार्थ आहेत. कुत्रा अशी वस्तू जबड्याच्या बाजूला धरून पूर्ण ताकदीने चावतो आणि वर सांगितलेल्या त्याच मोठ्या दाताचा बाहेरचा पापुद्रा उभा तुटून निघतो. आतील मज्जा उघडी पडते, जंतू मुळापर्यंत उतरतात, आणि कित्येकदा महिन्यांनी डोळ्याखाली सूज आल्यावरच ते मालकाच्या लक्षात येते. एवढे होऊनही कुत्रा जेवत राहतो, कारण दुखणे लपवणे हा त्याचा स्वभाव आहे. शिजवलेल्या हाडांच्या तर अणकुचीदार कपच्या होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

म्हणून निवडीची पहिली कसोटी कडकपणाची. च्यूवर अंगठ्याचे नख जोराने दाबावे. खूण उमटली नाही, तर तो दातांसाठी फार कडक आहे. मात्र चावताक्षणी भुगा होणाराही उपयोगाचा नाही. दात त्यात आत शिरला पाहिजे आणि बाहेर येताना हिरडीच्या कडेपर्यंत पुसला गेला पाहिजे. कुत्र्याच्या साध्या कोरड्या खाद्याच्या दाण्यांनी दात साफ होतात हा समज याच कारणाने फसवा आहे, कारण तो दाणा दाताच्या टोकाशीच फुटतो.

दुसरी कसोटी पुराव्याची. अमेरिकेतील व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल ही संस्था १९९७ पासून उत्पादकांनी सादर केलेल्या चाचण्यांची छाननी करून प्लाक आणि कीटण यांसाठी मान्यतेची मोहोर देते. संस्था स्वतः चाचण्या करत नाही आणि ही मोहोर वासाबद्दल काही सांगत नाही, हे ध्यानात ठेवावे. तरीही पाकिटावरच्या मोकळ्या दाव्यापेक्षा तिचे वजन अधिक आहे.

घटक वाचण्याची सवय असेल, तर दोन नावे लक्षात ठेवा. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट लाळेतील कॅल्शियमला बांधून ठेवते आणि प्लाकचे कीटण होणे लांबवते. प्लाक त्याने कमी होत नाही. जस्ताचे क्षार गंधकयुक्त वायूंना बांधतात, म्हणून वासावर त्यांचा परिणाम थेट होतो. समुद्री शेवाळाची पूड असलेल्या उत्पादनांत आयोडीन बरेच असते, त्यामुळे थायरॉइडचा आजार असलेल्या कुत्र्याला ती विचारल्याशिवाय देऊ नये.

प्रश्न : आमची बीगल डेंटल स्टिक दोन घासांत गिळून टाकते. तिला काही फायदा होतो का?

दातांना जवळजवळ काहीच नाही, आणि धोका मात्र वाढतो. गिळलेला मोठा तुकडा अन्ननलिकेत किंवा आतड्यात अडकू शकतो. तिच्या वजनासाठी सांगितलेल्या आकारापेक्षा छोटा च्यू कधीही देऊ नका. हावरट कुत्र्याला त्याच्यावरचा आकार देऊन पाहता येतो, पण पोटात जाणारे जास्तीचे उष्मांक जेवणातून वजा करावे लागतात. भरल्या पोटी, म्हणजे जेवणानंतर, द्या. लांब च्यू असेल तर एक टोक तुमच्या हातात घट्ट धरा आणि तिला आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने चावू द्या. असे केल्याने दोन्हीकडच्या दाढा घासल्या जातात. एका घासात मावेल एवढा तुकडा उरला की तो बदल्यात काही चविष्ट देऊन काढून घ्यावा, हिसकावू नये, नाहीतर पुढच्या वेळी ती आणखी घाईने गिळेल. कच्च्या चामड्याचे च्यू अशा कुत्र्यांना देऊच नयेत, कारण ते ओले होऊन फुगतात आणि अखंड पोटात जातात. काही आठवडे प्रयत्न करूनही गिळणे थांबले नाही, तर च्यूचा नाद सोडून ब्रशकडे वळणे शहाणपणाचे.

प्रश्न : रोजच्या स्टिकने कुत्र्याचे वजन वाढते का?

हो, विशेषतः लहान चणीच्या कुत्र्यांचे. सगळा खाऊ मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये, आणि डेंटल स्टिकही याच हिशेबात धरावी. च्यूचा उपयोग तो रोज दिला तरच होतो, म्हणून आधी इतर बिस्किटे कमी करावीत.

प्रश्न : पुदिना, पार्स्ली, खोबरेल तेल किंवा आपली टूथपेस्ट यांचा उपयोग होईल का? पाण्यात थोडा माउथवॉश घातला तर?

माणसाची टूथपेस्ट, माउथवॉश आणि साखरविरहित च्युइंग गम कुत्र्यापासून पूर्णपणे दूर ठेवा. त्यांपैकी अनेकांत झायलिटॉल असते, जे काही लेबलांवर बर्च शुगर या नावाने लिहिलेले असते. माणसाला निरुपद्रवी असलेला हा गोडवा कुत्र्याच्या शरीरात एकाएकी इन्सुलिन सोडायला लावतो. बहुधा तासाभरातच रक्तातील साखर कोसळते, कुत्रा झोकांड्या खातो, त्याला झटके येतात, आणि मात्रा अधिक असल्यास यकृत निकामी होते. असे काही पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता वेष्टन बरोबर घेऊन तातडीने दवाखाना गाठावा. घरी खाऊ करताना शेंगदाण्याचे लोणी वापरत असाल, तर त्याचेही लेबल तपासा.

पुदिन्याची किंवा पार्स्लीची दोन-चार पाने अपाय करत नाहीत, पण ती वास थोडा वेळ झाकतात एवढेच. सुगंधी अर्क आणि तेले मात्र वापरू नयेत. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी आहे. खोबरेल तेलाने वासाचे कारण दूर होत नाही, चरबी मात्र पोटात जाते, आणि स्वादुपिंडाला सूज येण्याची प्रवृत्ती असलेल्या कुत्र्यांना तीच महागात पडते. ब्रश करायचा असेल, तर कुत्र्यांसाठीची, गिळली तरी चालेल अशी पेस्ट घ्यावी.

प्रश्न : आमच्या चार महिन्यांच्या पिल्लाच्या तोंडालाही वास येतो. त्याला डेंटल च्यू सुरू करावेत का?

या वयात २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येत असतात, हिरड्यांतून थोडे रक्त येते आणि वास बदलतो. साधारण सातव्या महिन्यापर्यंत तो निवळतो. बहुतेक डेंटल च्यू सहा महिन्यांखालील पिल्लांसाठी नसतात, तेव्हा सध्या मऊ रबराचे खेळणे पुरे. या काळात बोटाने रोज ओठ उचलून हिरड्यांना स्पर्श करण्याची सवय लावलीत, तर पुढे ब्रश करणे फार सोपे जाईल. नवा सुळा आला तरी दुधाचा सुळा शेजारी तसाच उभा असेल, तर पशुवैद्यांना दाखवा. त्या दोघांच्या मधल्या बेचक्यात घाण साचते.

प्रश्न : आमच्या कुत्रीच्या तोंडाला नेहमी थोडा वास असायचा. अलीकडे तो लघवीसारखा उग्र झाला आहे आणि ती पाणीही खूप पिते. कोणता च्यू द्यावा?

कोणताही देऊ नका; आधी रक्त आणि लघवी तपासून घ्या. अमोनियासारखा वास आणि वाढलेली तहान ही मूत्रपिंडाच्या आजाराची लक्षणे असू शकतात. श्वास फळासारखा गोडसर येत असेल, तर मधुमेहाची गुंतागुंत संभवते आणि ती त्याच दिवशी दाखवण्याची बाब आहे. मूत्रपिंडाचे निदान झाल्यास फॉस्फेट असलेले दातांचे च्यूसुद्धा विचारूनच द्यावे लागतील.

प्रश्न : आमचा पॉमेरेनियन अकरा वर्षांचा आहे. पूर्वी तो च्यू आवडीने खायचा, आता तोंडात घेतो आणि टाकून देतो. दोन दात हलतात. या वयात भूल देण्याची भीती वाटते. भूल न देता दात साफ करून मऊ खाऊवर ठेवले तर चालेल का?

तोंडात घेऊन टाकून देणे हे दुखत असल्याचे लक्षण मानावे. हलणाऱ्या दातांनी त्याला च्यू देणे आजपासून बंद करा आणि जेवण मऊ करा, पण तेवढ्यावर थांबू नका. भूल न देता केलेल्या सफाईत दाताचा दिसणारा भाग चकचकीत होतो. हिरडीखालचा भाग, जिथे खरा आजार असतो, तसाच राहतो. जागा असलेला कुत्रा हिरडीखाली अवजार घालू देत नाही, आणि मुळांचे एक्स-रेही भुलीशिवाय नीट काढता येत नाहीत. लहान चणीच्या कुत्र्यांत खालच्या जबड्याचे हाड दातांच्या मानाने अरुंद असते. मुळाभोवतालचा आजार वाढत गेला, तर ते कमकुवत होऊन मोडल्याचीही उदाहरणे असतात.

तुमची भीती समजण्यासारखी आहे, परंतु निव्वळ वय हे भूल नाकारण्याचे कारण नाही. आधी रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी करून घ्या. भूल कोण देणार, शिरेवाटे सलाइन, तापमान आणि रक्तदाब यांवर सतत लक्ष ठेवले जाणार का, हे दवाखान्यात स्पष्टपणे विचारा; असे प्रश्न विचारण्यात संकोच नको. दुखरे दात काढल्यानंतर अनेक म्हातारे कुत्रे काही दिवसांतच पूर्वीपेक्षा अधिक उत्साहाने जेवू लागतात. टाके भरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, चघळायचे काहीही देऊ नये. नंतर किती आणि कोणते दात उरले आहेत ते पाहून मऊ च्यू द्यायचा की केवळ ब्रश आणि दातांचे जेल वापरायचे, हे तुमच्या पशुवैद्यांबरोबर ठरवा.