रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, मॅग्नेशियम घेऊ की बी-१२? किती दिवसांत फरक पडेल?

तुम्ही वय लिहिलेलं नाही, चालू औषधं लिहिलेली नाहीत, आणि थेट विचारताय की हे घेऊ का ते घेऊ. मीही हाच प्रश्न असाच विचारला होता. फरक इतकाच की मी तो माझ्या मेव्हण्याला विचारला. त्याचं कोकणात मेडिकल आहे.

मी एसटीत कंडक्टर होतो, एकतीस वर्षं. त्यातली बरीच भोर-महाड, म्हणजे वरंधा घाट. गाडी खच्चून भरलेली, एक हात वरच्या दांडीला, आणि वळण आलं की सगळा भार या पोटरीवरून त्या पोटरीवर. तेव्हाही गोळे यायचे, पण दिवसा. पाय झटकला की जायचे. रिटायर झालो आणि ते रात्री तीनला यायला लागले. आमच्याकडे त्याला वांब म्हणतात, बायको महाडची, ती पेटका म्हणते. काहीही म्हणा, पोटरीचा दगड होतो, पावलं आपोआप खाली वळतात आणि माणूस अंधारात उठताना उशाचा तांब्या लाथाडतो. एकदा शेजारचे चोर शिरला म्हणून बॅटरी घेऊन आले होते.

मेव्हण्याने फोनवरच निकाल लावला. "भावोजी, तुम्ही माळकरी. मटण-मासे बंद. अंगात राहिलंय काय? थांबा, पाठवतो." दुसऱ्या दिवशी ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर डबा आला. बी-कॉम्प्लेक्स, मॅग्नेशियम, कॅल्शियमच्या ५०० च्या गोळ्या दिवसाला दोन, आणि डी-३ च्या ६०,००० युनिटच्या पुड्या, दर रविवारी एक दुधातून. पैसे घेतले नाहीत, हे इथेच लिहून ठेवतो, नाहीतर घरात महाभारत होईल.

किती दिवस घ्यायचं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. डबा संपला की दुसरा यायचा. असे दहा महिने. त्या पुड्या साधारण आठ आठवडे देतात आणि मग बंद किंवा कमी करतात, हे मला फार उशिरा कळलं.

गोळे येतच होते. मेव्हणा म्हणायचा, "मुरायला वेळ लागतो." लोणचं आहे का ते?

उलट नवीन तक्रारी सुरू झाल्या. तहान भागेना, पोट साफ होईना, जेवणावरची वासना गेली, दुपारभर नुसती ग्लानी. बायकोला वाटलं, नोकरी सुटल्याचं मनाला लागलंय. मग मुलगी माहेरपणाला आली. ती बी.फार्म. आहे. तिने डबा चटईवर ओतला, मग माझ्या बीपीच्या गोळीचं पाकीट मागितलं, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि विचारलं, "बाबा, यात लघवी वाढवणारं औषध आहे. ही गोळी कधीपासून?" रिटायर झालो त्या वर्षीपासून. "आणि गोळे?" त्याच वर्षीपासून. जन्मभर रोज रात्री वेबिलाचा पैसा न् पैसा जुळवला, आणि हा हिशेब मला जमला नाही!

रक्त तपासलं. पोटॅशियम ३.१, पाहिजे निदान ३.५. कॅल्शियम ११.८, असावं फार तर साडेदहा. डॉक्टरांनी समजावलं ते असं: या जातीची गोळी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर घालवते, पण कॅल्शियम मात्र अडवून धरते. म्हणजे उतरायचं दार बंद, आणि दुसऱ्या दाराने मी डी-३ नि कॅल्शियमचे पॅसेंजर कोंबतोय. त्यांनी बीपीची गोळी बदलली, डबा बंद केला. तीन-चार आठवड्यांत आठवड्याचे चार-पाच गोळे होते ते एखाद-दुसऱ्यावर आले.

त्या दिवाळीला मेव्हणा फराळ करता करता म्हणतो, "पाहिलंत, शेवटी मॅग्नेशियम लागू पडलं ना?"

मुलीने तिथेच मोबाइल काढला. कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, जगभरातले प्रयोग एकत्र करून तपासते. त्यांच्या २०२० च्या आढाव्यात वयस्क लोकांच्या पायातल्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा जाणवण्याइतका फायदा दिसत नाही असंच आहे. मामा म्हणाला, ते पुस्तकातलं झालं, मी पंचवीस वर्षं काउंटरवर उभा आहे. अरे, मी एकतीस वर्षं उभा होतो, तेही घाटात.

मग २०२४ च्या शेवटी त्याने नवीन बातमी पाठवली. चीनमध्ये ६५ च्या पुढच्या १९९ जणांवर प्रयोग झाला, व्हिटॅमिन के-२ रोज १८० मायक्रोग्रॅम, आठ आठवडे, आणि रात्रीचे गोळे खरंच बरेच कमी झाले. मुलगी म्हणाली, प्रयोग नीट केलेला आहे, पण एकच आहे. आणि हृदयाची झडप बदललेली असेल, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल, तर विचारल्याशिवाय के ला हात लावायचा नाही. आम्ही पुढच्या महिन्यात महाडला गेलो तेव्हा दुकानात के-२ पहिल्या फळीवर होतं.

तुमचा प्रश्न. किती दिवसांत फरक पडेल? मला मॅग्नेशियमने दहा महिन्यांत पडला नाही. उरलेले गोळे ज्याने गेले ते फुकट आहे, म्हणून कुठल्या काउंटरवर दिसत नाही. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकायचे, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, पोटरी ताणली जाईपर्यंत पुढे झुकायचं. मग मांडीची मागची शीर तशीच ताणायची. नेदरलँड्समध्ये २०१२ साली पंचावन्नच्या पुढच्या ऐंशी जणांवर सहा आठवडे हे करून पाहिलं होतं, करणाऱ्यांचे गोळे कमी झाले. आणि गोळा आलाच तर पायाची बोटं धरून स्वतःकडे ओढा किंवा सरळ उभे राहा.

बी-१२ बद्दल मात्र खरं सांगायला हवं. त्याच वेळी तेही तपासलं होतं, १४८ निघालं, दोनशेच्या वर पाहिजे. इंजेक्शनं घेतली. तळपाय बधिर असायचे, ते गेलं. पोटरीतल्या गोळ्यांवर परिणाम नाही. म्हणजे माळकरी असण्याबद्दल मेव्हणा थोडा बरोबर होता. त्याला कळवलेलं नाही.

आता राहिलेलं. बीपीची गोळी माझं वाचून स्वतःच बंद करू नका. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, थायरॉइड, शुगर यांनीही पाय धरतात. किडनीचा त्रास असेल तर मॅग्नेशियम साठून राहतं. मॅग्नेशियम खरोखर कमी असेल तर ते घ्यावंच लागतं, मुलीने हे लिहायला सांगितलंय. बी-६ महिनोन् महिने जास्त घेतलं तर उलट नसाच बिघडतात, बी-कॉम्प्लेक्सच्या पाकिटावर आकडा बघा. गरोदर असाल तर यातलं काहीच मला विचारू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर तो गोळा नाही, त्याच दिवशी दवाखाना.

चालू गोळ्यांची नावं खाली लिहा. मुलीला दाखवतो. मेव्हण्याला नाही.