फुकटचा नकाशा वापरतोस तं आधी अटी वाच

भाऊ, जिनिंगपर्यंतचं अंतर दाखवणारं तुझं ॲप मस्त झालं, पण कोड पाहिला अन् काळजी वाटली. सर्चमधे माणूस दा, दार, दारव्हा टाइप करतो तसा तू दर अक्षराला नॉमिनॅटिमला, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप या मोकळ्या नकाशाच्या नावावरून जागा शोधणाऱ्या सर्विसला, रिक्वेस्ट पाठवून राहिला. त्यांच्या पब्लिक सर्वरवर असल्या ऑटोकम्प्लीटला साफ मनाई आहे, अन् सेकंदाला जास्तीत जास्त १ रिक्वेस्ट, तेही तुझे सगळे युजर मिळून.

मी एकदा तालुक्यातल्या गावांचे अक्षांश-रेखांश काढाले एका फुकट सर्विसवर रात्रभर लूप चालवला, सकाळी ऐन कापूस वेचाईच्या दिवसात लोक ॲप उघडतात तं आधी ४२९ (लई रिक्वेस्ट झाल्या) अन् मग सरळ ४०३ (प्रवेश बंद) असा एरर. चूक माझीच, अटी वाचल्याच नव्हत्या.

तू गावांची यादी नॉमिनॅटिमवरून नको, खाली सांगतो त्या एक्स्ट्रॅक्टमधून एकदाच काढ, आपल्या डेटाबेसमधे ठेव अन् पुढं तिथूनच शोध. युजर-एजंटमधे, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या ओळखीत, ॲपचं नाव टाक, लायब्ररीचं डिफॉल्ट ठेवू नको. नकाशावर ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय दिसलंच पाहिजे, ॲप कितीही लहान असो, त्या डेटाच्या ओडीबीएल लायसन्सचीच अट आहे ती.

वावरात रेंज नसते म्हणून टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी चित्र-तुकडे, आधीच उतरवून ठेवायचा तुझा विचार समजतो, पण त्यांच्या टाइल सर्वरवरून ते चालत नाही, ते सर्वर देणगीवर चालतात बाबा. डेटा मात्र मोकळा आहे, जिओफॅब्रिक नावाच्या साइटवरून एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे आपल्या भागापुरता डेटा, घे अन् टाइल्स आपल्याच मशीनवर बनव, अडलास तं रात्री फोन कर, आपण दोघं बसून करू.