नैवेद्य ‘चढवत’ नाहीत, दाखवतात

नवरात्राची कार्यक्रमपत्रिका तयार करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी देवीला ‘नैवैद्य चढवला जाईल’ असे छापावे की ‘अर्पण केला जाईल’ असे. ‘अर्पण’ चालेल, ‘चढवणे’ मात्र कृपा करून छापू नये. हिंदीतले हे क्रियापद हल्ली देवळांच्या फलकांवर इतके बोकाळले आहे की ते वाचून दरवेळी जीव कळवळतो. मराठीत देवाला फुले वाहतात, देवीची ओटी भरतात, नारळ वाढवतात आणि नैवेद्य दाखवतात. प्रत्येक कृतीला तिचे हक्काचे क्रियापद असताना या सर्वांच्या जागी एकच उसने क्रियापद आणण्याचे काहीही कारण नाही.

आता ‘नैवैद्य’ या लेखनाविषयी. यातली दुसरी दोन मात्रांची खूण ‘वैद्य’ या शब्दाच्या ओढीने आली आहे. संस्कृतात असा तद्धित शब्द, म्हणजे नामाला प्रत्यय लागून बनलेला शब्द, घडताना वृद्धी (जसे ‘इ’चा ‘ऐ’ होणे) होते ती फक्त पहिल्या स्वराची. पाणिनीचे ‘तद्धितेष्वचामादेः’ हे सूत्र नेमके हेच सांगते. म्हणून ‘निसर्ग’चे ‘नैसर्गिक’, ‘निमित्त’चे ‘नैमित्तिक’ आणि ‘निवेद्य’चे ‘नैवेद्य’ होते. ‘विद्या’पासून ‘वैद्य’ होताना ‘वि’ आरंभी असल्यामुळे तो ‘वै’ झाला. ‘नैवेद्य’च्या मूळ शब्दात आरंभी ‘नि’ आहे, म्हणून फक्त त्याचा ‘नै’ झाला आणि ‘वे’ तसाच राहिला.

आणि हा ‘निवेद्य’ म्हणजे काय? ‘विद्’ म्हणजे जाणणे आणि ‘नि’ उपसर्गासह त्याचे प्रयोजक रूप म्हणजे जाणवून देणे, कळवणे. सभेतले निवेदन, मंचावरचा निवेदक आणि देवापुढचा नैवेद्य ही एकाच घरातली भावंडे आहेत. पानाखाली पाण्याचे चौकोनी मंडल काढून, अन्नावर तुळशीपत्र ठेवून गुरुजी ‘नैवेद्यं निवेदयामि’ म्हणतात, तेव्हा ते देवाला जेवू घालण्याआधी ‘हे तुझ्यासाठी रांधले आहे’ असे सांगत असतात. आपले ‘दाखवणे’ हे क्रियापद या मूळ अर्थाला किती चपखल बसते!

येथे खेड्यापाड्यांतल्या ‘निवद’ या शब्दाची बाजू मांडणे मला अगत्याचे वाटते. पुष्कळ जाणकार त्याला ‘नैवेद्य’चा अपभ्रंश ठरवून मोकळे होतात, आणि ते मला मुळीच मान्य नाही. संस्कृत ‘द्य’चा प्राकृतात ‘ज्ज’ होतो आणि पुढे ‘ज’ उरतो: ‘अद्य’चे ‘आज’, ‘विद्युत्’ची ‘वीज’. त्याच वाटेने ‘नैवेद्य’चे ब्रज भाषेत ‘नेवज’ झाले. ‘निवद’ त्या वाटेने आला असता तर त्यात ‘ज’ दिसला असता. त्यात ‘द’ आहे आणि आरंभी ‘नै’ नसून ऱ्हस्व ‘नि’ आहे. म्हणून माझे मत असे की तो थेट ‘निवेद’, ‘निवेदणे’ यांवरून आला आहे. दोन स्वरांमधला ‘द’ प्राकृतात टिकत नाही हा आक्षेप मला ठाऊक आहे, परंतु त्यावरून शब्द उशिरा घेतला गेला एवढेच सिद्ध होते, तो कोणत्या शब्दावरून घेतला हे सिद्ध होत नाही. म्हसोबाला ‘निवद दावणारी’ आजी, ‘नैवैद्य’ छापणाऱ्या मंडळापेक्षा शब्दाच्या मुळाशी अधिक जवळ आहे.

सणापूर्वी देवाला सांगण्याची ही रीत कोकणात तर उघड्या स्वरूपात दिसते. शिमग्याच्या आरंभी नारळ ठेवून मानकरी गाऱ्हाणे घालतो, कोण जमले आहेत आणि काय मागत आहेत ते देवाला ऐकवतो, आणि प्रत्येक वाक्यामागे जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. ‘गाऱ्हाणे’ संस्कृत ‘गर्हणा’वरून, म्हणजे दोष देण्यावरून आले, तेव्हा मुळात ती तक्रार असली, तरी येथेही नारळाबरोबर शब्द द्यावा लागतो.

पत्रिकेत ‘देवीला महानैवेद्य दाखवला जाईल’ असे छापावे.