पत्र्याचं घर आणि पोर्टा केबिन: वादळ आणि आगीबद्दल वाचकांचे प्रश्न

मे-जूनमधल्या वादळी वाऱ्याने रावेर, यावल, चोपडा भागातली केळी आडवी होते. त्याच वाऱ्यात मळ्यातली पत्र्याची घरंही जातात. या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न त्याबद्दलचे आहेत. डागडुजीची सगळी कामं आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत उरकावीत, कारण काँक्रीटला मुरायला वेळ लागतो आणि जूनच्या तोंडावर वेल्डर मिळत नाही.

प्रश्न (रावेर तालुका): केळीच्या मळ्यात २० बाय १० फुटांची तयार पोर्टा केबिन घेतली आहे. सालदाराचं कुटुंब तिच्यात राहतं. केबिन सिमेंटच्या ब्लॉकवर नुसती टेकवली आहे. विकणारा म्हणतो, दोन टन वजन आहे, हलणार नाही. खरं आहे का?

उत्तर: नाही. ताशी ९० किलोमीटरचा वारा समोर आलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३८ किलोचा दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी १४० किलोमीटरला तो ९३ किलोच्या घरात जातो. तुमच्या केबिनची लांब बाजू सुमारे १६ चौरस मीटर आहे. १४० च्या वाऱ्यात समोरचा रेटा आणि मागच्या बाजूची ओढ मिळून तिच्यावर पावणेदोन टन जोर येतो. त्याच वेळी छतावरून जाणारा वारा केबिनला सुमारे १४०० किलोने वर उचलत असतो. दोन टनांतून ते वजा केले, तर टेकून राहायला ६०० किलो उरतात आणि बाजूने १७५० किलो ढकलतात. ९० च्या वाऱ्यातसुद्धा केबिन ब्लॉकवरून घसरू शकते, कारण लोखंड आणि सिमेंटमध्ये घर्षण फारसं नसतं.

लांबीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन असे सहा पाये घ्या. प्रत्येक खड्डा दीड फूट बाय दीड फूट, तीन फूट खोल. काळ्या जमिनीत तीन फुटांवरही मुरूम लागला नाही, तर लागेपर्यंत खाली जा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पाया तिच्याबरोबर वरखाली होतो आणि दोन वर्षांत केबिनचा दरवाजा अडकायला लागतो. खड्डा काँक्रीटने पूर्ण भरला की एका पायाचं वजन ४३० किलोच्या वर जातं. सहा पायांना मिळून सव्वा घनमीटरच्या आत काँक्रीट लागतं. १ः१॥ः३ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मालाला दहा पोती सिमेंट धरा.

प्रत्येक पायात १६ मिलीमीटरचे, दोन फूट लांब आणि खालचं टोक वाकवलेले दोन बोल्ट ओलं काँक्रीट भरतानाच उभे करा. नंतर भोक पाडून ठोकलेला बोल्ट तीन-चार इंचच आत जातो आणि ओढ बसली की काँक्रीटचा टवका घेऊन बाहेर येतो. केबिनच्या तळाच्या चॅनेलला ८ मिलीमीटर जाडीची पट्टी वेल्ड करून ती बोल्टवर बसवा आणि दोन नट आवळा. वेल्डवर त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा. आपल्या उन्हात काँक्रीट लवकर सुकतं, म्हणून ओलं बारदान टाकून किमान सात दिवस पाणी द्या. नट पूर्ण आवळायचे ते दहाव्या दिवसानंतर.

लाकडी खुंट्या ठोकून दोर बांधण्यावर विसंबू नका. पहिल्याच पावसात जमीन ढिली होते आणि वादळ तर पावसासोबतच येतं. केबिन लवकरच हलवायची असेल, तर वरून ८ मिलीमीटरचा वायर रोप घ्या. प्रत्येक टोकाला तीन बुलडॉग क्लिपा (दुमडलेला दोर आवळणारे चाप) लावा. क्लिपेचा यू आखूड टोकावर आणि खोगीर ताणाच्या दोरावर यायला हवं. उलटं बसवलं तर यू ताणाचा दोर चेपतो. त्या दोरालाही शेवटी काँक्रीटचाच पाया लागतो.

प्रश्न (शिरपूर तालुका): विटांच्या भिंती, वर अँगल आणि पत्रे असं घर आहे. पत्र्यांवर दगड आणि वाळूची पोती ठेवतो. तरी गेल्या वर्षी पुढचे चार पत्रे उडाले. अजून किती वजन ठेवावं?

उत्तर: वजन काढून टाका. २० बाय १० च्या खोलीवर ९० च्या वाऱ्याची ओढ सुमारे ७०० किलो असते. पंधरा-पंधरा किलोचे वीस दगड ठेवले तरी ३०० किलोच होतात. पत्रा उचलला गेला की तेच दगड आत झोपलेल्या माणसांवर पडतात. शिवाय दगडाखाली पत्र्याला खळगा पडतो, पाणी साचतं आणि तिथूनच गंज सुरू होतो.

पत्रा कुठून सुटतो ते आधी पाहा. पुढचे, म्हणजे वळचणीकडचे पत्रे गेले याचा अर्थ कडेची पकड कमी होती. वाऱ्याची ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सर्वांत जास्त असते. मधल्या भागात एक उंचवटा सोडून एक स्क्रू चालेल, पण वळचण, आढं आणि दोन्ही बाजूंच्या कडांना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. स्क्रू ५५ मिलीमीटर लांबीचा, सेल्फ ड्रिलिंग, ईपीडीएम रबराच्या वॉशरचा घ्या. वॉशर जरासा पसरला की थांबा. जास्त आवळला तर पत्रा दबतो आणि रबर फाटतं. स्क्रूऐवजी ‘जे’ (J) आकाराचे हूक असतील, तर नट हाताने फिरतो का ते दरवर्षी बघा. आडवे पाइप मध्ये साडेचार-पाच फुटांवर असले, तरी कडेचं शेवटचं अंतर अडीच-तीन फुटांचं ठेवा. भिंतीबाहेर पत्रा दीड फुटापेक्षा जास्त काढू नका.

एवढं केलं आणि अँगल भिंतीत नुसता खोचलेला राहिला, तर मात्र पुढच्या वेळी पत्रे अँगलसकट जातील. ही चूक आपल्याकडे घरोघरी दिसते. पत्रा पाइपाला, पाइप अँगलला, अँगल भिंतीला आणि भिंत पायाला अशी पकड सलग हवी. जुन्या घरात उपाय सोपा आहे. प्रत्येक अँगलच्या टोकाखाली भिंतीच्या आतून आणि बाहेरून ४० बाय ५ मिलीमीटरची लोखंडी पट्टी तीन फूट खाली आणा. एक, दोन आणि तीन फुटांवर भिंतीतून आरपार १२ मिलीमीटरचे बोल्ट टाका आणि पट्टीचं वरचं टोक अँगलला वेल्ड करा. नऊ इंची भिंतीचा तीन फूट खोल, तीन फूट रुंद तुकडा साडेतीनशे किलो भरतो. तेवढं वजन त्या अँगलला धरून ठेवतं. मातीत बांधलेली भिंत असेल, तर बोल्टाखाली चार इंची चौकोनी प्लेट द्या, नाहीतर बोल्ट विटेतून ओढला जाईल.

ओसरीचे पत्रे घराच्याच पत्र्यांना जोडून पुढे वाढवलेले असतील, तर ते वेगळे करा. ओसरी उघडी असते. तिच्याखाली वारा कोंडतो आणि ती उचलली गेली की घराचं छप्परही सोबत नेते. तिला स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया द्या. छप्पर नव्याने घालणार असाल, तर उतार २२ ते ३० अंशांचा ठेवा. दहा फुटांना चार फूट उंची दिली की २२ अंश होतात. जवळजवळ सपाट पत्र्यावर ओढ जास्त बसते.

प्रश्न (धरणगाव): नवी केबिन घेताना विकणारे सगळेच “वादळाला काही होत नाही” म्हणतात. काय विचारावं?

उत्तर: वाऱ्याच्या कोणत्या वेगासाठी आराखडा केला आहे आणि जमिनीला बांधण्याचा नकाशा कुठे आहे, हे लेखी मागा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा हिशोब आहे. त्यात नाशिक आणि औरंगाबादसाठी (आताचं छत्रपती संभाजीनगर) मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला आहे. खानदेशात याहून कमी धरू नये. अमेरिकेत कारखान्यात बनणाऱ्या घरांना १९७६ पासून केंद्रीय नियम आहेत. १९९२ च्या अँड्र्यू वादळात फ्लोरिडात अशी घरं मोठ्या संख्येने मोडली, तेव्हा १९९४ मध्ये वाऱ्याचे निकष कडक केले. तिथे घर कोणत्या वाऱ्यासाठी बांधलं आहे, हे घरातल्याच एका पट्टीवर छापलेलं असतं. आपण निदान बिलावर लिहून घ्यावं.

प्रश्न (पारोळा): केबिनच्या भिंतीत थर्मोकोल आहे असं कळलं. आत स्वयंपाक होतो. धोका किती?

उत्तर: मोठा आहे. स्विचबोर्ड काढून (मेन स्विच बंद करून) कापलेली कड पाहा. पांढरे दाणे दिसले तर थर्मोकोल, पिवळसर फेस दिसला तर पफ (पॉलियुरेथेन फोम), तपकिरी-हिरवट तंतू दिसले तर रॉकवूल (दगडापासून केलेले, न जळणारे तंतू). काडी लावून पाहू नका. थर्मोकोल शंभर अंशांच्या आसपासच वितळायला लागतो, पत्र्याच्या आत पोकळी होते आणि त्या पोकळीतून आग न दिसता पसरते. बाहेरून पाणी मारलं तरी आत पोहोचत नाही. पफच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतात. त्या धुरात माणूस फार वेळ शुद्धीवर राहत नाही.

स्वयंपाक बाहेरच्या पडवीत हलवणं सर्वांत चांगलं. ते जमत नसेल, तर शेगडीमागच्या भिंतीवर एक इंच मोकळी जागा सोडून ८ मिलीमीटरचा सिमेंट बोर्ड लावा आणि शेगडी भिंतीपासून दीड फूट पुढे घ्या. थर्मोकोलमधून वायर मोकळी जाऊ देऊ नका. वायरीच्या पीव्हीसीतला मऊपणा देणारा घटक थर्मोकोल शोषून घेतो, आवरण कडक होऊन तडकतं आणि तांबं उघडं पडतं. वायर पाइपातूनच न्या आणि पॅनेलची प्रत्येक कापलेली कड पत्र्याच्या पट्टीने बंद करा.

केबिनला एकच दरवाजा असतो आणि बहुधा शेगडीही त्याच्याजवळच. विरुद्ध बाजूच्या खिडकीची जाळी बिजागरीवर करा. उघडी जागा किमान दोन फूट रुंद, तीन फूट उंच हवी. आतून कडी असावी, कुलूप नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो फरशीलगत साचतो, म्हणून एक झरोका जमिनीलगत हवा. नळी पाच वर्षांनी बदला. वास आला तर स्विच चालू किंवा बंद काहीच करू नका, रेग्युलेटर काढा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

प्रश्न (अमळनेर तालुका): भाव वाढेल या आशेने कापूस राहत्या पत्र्याच्या खोलीत ठेवावा लागतो. आगीची काळजी कशी घ्यावी?

उत्तर: शेतकऱ्याकडे दुसरी जागा नसते, हे खरं आहे. पण झोपायची जागा आणि कापूस वेगळे करा. अंगाला खाज सुटते म्हणून तरी अनेकजण ते करतातच. ढीग दरवाजाच्या वाटेत नको. वायर, बोर्ड आणि दिव्यापासून तीन फूट मोकळे सोडा. त्या खोलीत देव्हारा, चार्जिंग, बिडी काहीच नको.

कापूस पेटला तर वरची ज्वाळा लवकर विझते, पण आत धुमसत राहतो. पाणी वरूनच ओघळून जातं. ढीग फावड्याने ओढून बाहेर पसरवावा लागतो आणि पुढचा दिवसभर लक्ष ठेवावं लागतं. पऱ्हाट्या आणि कडब्याची गंजी घरापासून तीस फूट लांब रचा. विजेच्या तारांखाली तर नकोच, कारण वाऱ्यात तारा एकमेकींना घासतात आणि ठिणग्या खाली पडतात.

प्रश्न (शहादा तालुका): पत्र्याच्या खोलीत कूलर लावला की भिंतीला हात लावताच मुंग्या येतात. बोर्डही गरम होतो.

उत्तर: आजच कूलर बंद करा. मुंग्या येतात म्हणजे वीज पत्र्यात उतरली आहे. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, त्याचं टेस्ट बटण महिन्याला दाबून पाहा. घराच्या लोखंडी सांगाड्याला वेगळी अर्थिंगची तार जोडा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला. बोर्ड गरम होतो तो ढिल्या जोडामुळे किंवा बारीक वायरीमुळे. दिव्यांना दीड आणि सॉकेटला अडीच चौरस मिलीमीटर तांब्याची वायर हवी. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवू नका.

प्रश्न (साक्री तालुका): वादळ सुरू झाल्यावर काय करावं?

उत्तर: दारं-खिडक्या सगळी लावा. वाऱ्याकडचं एक दार उघडं राहिलं तरी आतून दाब येऊन छप्पर उचलायला मदत होते. मेन स्विच आणि गॅस बंद करा. बांधलेली नसलेली केबिन असेल, तर आत थांबू नका. आभाळ भरून येताच गावातल्या पक्क्या घरात किंवा शाळेत जा. वीज पडण्याची सूचना ‘दामिनी’ ॲपवर मिळते. वादळानंतर उडालेल्या पत्र्याला हात लावण्याआधी त्याच्यावर तार पडली आहे का ते पाहा. पडली असेल, तर वीज मंडळाचा माणूस पुरवठा बंद करेपर्यंत कुणालाही जवळ जाऊ देऊ नका.