निन्टेंडोचे शेअर आणि मुलीच्या फीचे पैसे

प्रश्न (वाचक, इंदिरानगर, नाशिक) : मुदत ठेवीचे सहा लाख मोकळे झालेत. भाचा म्हणतो, सगळे निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीच्या शेअरमध्ये टाक, त्यांचं नवं गेम खेळायचं यंत्र ‘स्विच २’ जगभर धडाक्यात खपतंय. दोन वर्षांनी मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची आहे. टाकू का?

उत्तर : सगळे तर अजिबात नकोत, ताई.

भाचा खोटं सांगत नाही. जून २०२५ मध्ये आलेलं स्विच २ पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून जास्त खपलं. पण असली बातमी नाशकात पोचेपर्यंत भावात केव्हाच मुरलेली असते.

तुम्ही माहेर निफाडचं लिहिलंय, म्हणून सांगतो : हा धंदा द्राक्षबागेसारखा आहे. एक हंगाम साधला की चांदी, हुकला तरी फवारणीचा खर्च चुकत नाही. त्यांचं आधीचं यंत्र ‘वी’ दहा कोटींवर खपलं, पुढचं ‘वी यू’ जेमतेम १ कोटी ३५ लाख. त्या काळात ओळीने तीन वर्षं कामकाजात तोटा. मग २०१७ चं स्विच आलं आणि १५ कोटींच्या पुढे गेलं.

कंपनी म्हणून ती मला आवडते. मारिओ, झेल्दा हे गेम घरचेच. ते खेळायचे तर यंत्रही यांचंच घ्यावं लागतं. महागड्या तंत्रज्ञानामागेही सहसा धावत नाहीत. १९८९ चा गेम बॉय साध्या, बिनरंगी पडद्याचा होता. स्वस्त होता, बॅटरी टिकायची, त्यावर त्याने रंगीत पडदेवाल्यांना मागे टाकलं.

पण कंपनी चांगली म्हणून शेअर कुठल्याही भावाला घ्यायचा नसतो. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो या मोबाइल गेमची लाट आली आणि शेअर दोन आठवड्यांत दुपटीवर गेला. मग कंपनीनेच खुलासा केला, की या गेममुळे आमच्या नफ्यात फारसा फरक पडणार नाही. गेम नियान्टिक या दुसऱ्याच कंपनीने बनवलेला, आणि पोकेमॉनचे हक्क सांभाळणाऱ्या पोकेमॉन कंपनीत निन्टेंडोचा वाटा ३२ टक्के. पुढच्याच सत्रात भाव सुमारे १८ टक्के कोसळला. वरच्या भावाला घेणाऱ्यांत असे भाचे किती असतील!

शिवाय शेअर टोकियोचा, म्हणजे येनचा चढउतारही तुमच्याच माथी. एक शेअर घेतला तरी आयकर विवरणात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावा लागतो. २४ महिन्यांनंतर विकला तर नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी तुमच्या स्लॅबप्रमाणे.

साडेपाच लाख बँकेच्या ठेवीतच ठेवा, मुदत प्रवेशाच्या आधी संपेल अशी. उरलेले पन्नास हजार हौसेचे. टाकायचेच तर तीन-चार हप्त्यांत, आणि फीच्या वेळी त्यांच्याकडे बघायचं नाही. भाच्याने स्वतःचे किती टाकलेत, तेही एकदा विचारा.