खडेबाजारात मान वर करून चाल

बेळगावातल्या जुन्या इमारतींची नोंद करायची म्हणालास, आणि कॅमेरा कुठला घेऊ, हे आधी विचारलंस. मोबाईल पुरे. पहिला महिना एकच गल्ली धर, खडेबाजार नाहीतर गणपत गल्ली, आणि दुकानं उघडायच्या आत जा. खाली सगळे फ्लेक्स आणि शटर. जुनी इमारत पहिल्या मजल्यापासून वर शिल्लक असते: कमानी, लाकडी गज, गिलाव्यातली वेलबुट्टी.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- मंगळुरी कौलावर १८६५ दिसलं की आपण नाचायला लागतो. ते बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या कौल कारखान्याच्या स्थापनेचं साल, छपराचं नव्हे. माझ्या वहीत अशी दोन घरं होती, खोडावी लागली!
- दर्शनी भागावरचं शके हेच इसवी सन समजणं. त्यात ७८ मिळव. शके १८५० म्हणजे १९२८-२९.
- न विचारता जिना चढणं. "काका, एक फोटो काढू काय?" एवढं बोललास तर बहुतेक वेळा चहाही मिळतो.

जुन्या टॉकीजमध्ये मात्र पडद्याकडे पाठ कर. मागच्या भिंतीत वर लहान चौकोनी झरोके दिसतील, त्यामागे प्रोजेक्टरची केबिन. ती पक्क्या भिंतींची, पुष्कळदा स्वतंत्र जिन्याची, कारण तेव्हाची नायट्रेट फिल्म भपकन पेटायची. टॉकीजचं गोदाम झालं तरी हे झरोके बहुधा कुणी बुजवत नाही.

कॅम्पात लष्करी हद्दीजवळ फोन खिशात ठेव. वास्तुशैलींची नावं सध्या राहू देत. आधी वीस इमारती वहीत उतरव, मग बोलू.