सॅम्युअल म्हणजे नक्की काय? "देवाने ऐकलं", "देवाकडे मागितलेला" की "देवाचं नाव"?

तुम्ही लिहिलंय की बाळाला पणजोबांचं नाव ठेवायचंय, सॅम्युअल, पण नेटवर तीन साइटवर तीन अर्थ मिळाले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, आमच्यात हे नाव पिढ्यानपिढ्या चालत आलंय म्हणून जरा सविस्तर सांगते.

मूळ हिब्रू उच्चार श्मुएल, जोर शेवटच्या "एल"वर. मराठी बायबलमध्ये शमुवेल. "देवाने ऐकलं" हा अर्थ सगळ्यात जास्त दिसतो पण तोच सगळ्यात कच्चा आहे, कारण हिब्रूत ऐकणे म्हणजे शामा, त्याच्या शेवटी आयिन नावाचं घशातलं अक्षर असतं आणि श्मुएलमध्ये ते नाहीच. ज्या नावात ते खरंच आहे ते नाव म्हणजे इश्माएल, त्याचा अर्थ "देव ऐकेल". व्याकरणाने बघाल तर शेम म्हणजे नाव आणि एल म्हणजे देव, म्हणून "देवाचं नाव" किंवा "त्याचं नाव देव" हेच जास्त पटतं, आणि बरेच अभ्यासक तेच धरतात.

पण मग "मागितलेला" कुठून आलं? ते थेट बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याच्या आईने, हन्नाने, सांगितलंय. हन्नाला मूल नव्हतं, सवतीला होती आणि ती सारखी टोचून बोलायची. हन्ना शिलोच्या मंदिरात जाऊन रडत प्रार्थना करत होती, नुसते ओठ हलतायत, आवाज नाही, तर तिथल्या एली याजकाला वाटलं बाई दारू पिऊन आलीये! तिने नवस बोलला की मुलगा दे, मी तो तुलाच वाहीन. मुलगा झाला तेव्हा म्हणाली, मी ह्याला परमेश्वराजवळ मागितलं, म्हणून शमुवेल. म्हणजे आपल्या भाषेत नवसाचा पोरगा, आपल्याकडे नवसाजी, नवसू असतात तसंच. आता गंमत बघा, "मागणे"ची हिब्रू अक्षरं शिन, आलेफ, लामेद, आणि ही तिन्ही श्मुएलमध्ये त्याच क्रमाने आहेत, फक्त मध्ये मेम आणि वाव घुसलेत. शब्दशः "मागितलेला" म्हणजे शाऊल, आणि इस्राएलच्या ज्या पहिल्या राजाला शमुवेलाने स्वतः अभिषेक केला त्याचंच ते नाव.

मला स्वतःला आईचाच अर्थ जवळचा वाटतो. रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनास्थळात) हन्नाची ही गोष्ट वाचतात तेव्हा दरवर्षी माझे डोळे भरून येतात. आणि ओठ हलवून पण आवाज न करता प्रार्थना करायची पद्धत आमच्या धर्मगुरूंनी तिच्यावरूनच घेतली, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

आपल्या मराठीत ह्याच नावाचं सामाजी झालं (एझेकिएलचं हसाजी झालं तसं). मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युअल एझेकिएल. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलो तर देवाचं घर बांधीन असं त्यांनी ठरवलं होतं असं आमच्यात सांगतात, म्हणजे इथेही नवसच! ते जिथे उभं राहिलं ती सॅम्युअल स्ट्रीट, आणि आमचे लोक सिनेगॉगला मशीद म्हणायचे, मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं म्हणतात.

लाडाने हाक मारायला इस्रायलमध्ये श्मुलिक म्हणतात, छान वाटतं कानाला. आणि बाळाच्या चांदीच्या पदकावर हिब्रूत नाव कोरून घेणार असाल तर उजवीकडून डावीकडे शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद अशी पाचच अक्षरं हवीत. "देवाने ऐकलं" वाचून कोणी मध्ये आयिन टाकलं तर आधीच थांबवा, चांदीवर एकदा कोरलं की पुसता येत नाही.